परसातली कळलावी

आमच्या गावात त्या फुलाला दोन नावं होती. गौरी यायच्या दिवसांत बायका त्याला ‘गौराईचे हात’ म्हणायच्या, आणि एरवी वर्षभर ‘कळलावी’. मागच्या वर्षी माझ्या सुनेनं साताऱ्याच्या नर्सरीतून एक कुंडी आणली. तिच्यावर ‘अग्निशिखा’ अशी चिठ्ठी होती. “आई, हिला पाणी किती लागतं हो?” तिनं विचारलं. मी सांगितलं आणि आत जाऊन बसले. त्या वेलीचं फूल समोर आलं की मला मालनवैनी आठवते, आणि वैनी आठवली की तेरा-चौदा वर्षांची मी आठवते. त्या वयातली मी काही फार चांगली पोरगी नव्हते.

मेढ्यापासून वर डोंगराच्या अंगाला आमचं गाव. बाबा पलटणीत, दादाही पलटणीत, त्यामुळे घरात आई आणि मी. खाली गोठ्यात दोन म्हशी. आईचा आवाज मोठा. ती परसातून ओरडली तर ओढ्यापलीकडच्या शेतातल्या बायका मान वर करायच्या. आणि ती दिवसभर माझ्याच नावानं ओरडायची. “शके, घागर भरलीस का? शके, म्हशीला पेंड कोण तुझा आजा घालणार हाय? शके, त्वांड काय भाकरी खायालाच दिलंय का गं?” मला त्याचं काही वाटत नसे. चुलीचा धूर डोळ्यांत जावा आणि आपण डोळे पुसून पुन्हा फुंकर घालावी, तसं ते होतं. रात्री पाऊस लागला की तीच मला घोंगडीत ओढून घ्यायची, पाय थंड आहेत म्हणून पुन्हा रागवायची आणि स्वतःच्या पायांनी माझे पाय दाबून धरायची. तिला मी आणि मला ती. त्यात कुणी तिसरं असू शकतं हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

गौरीसाठी रानातून फुलं आणायचं काम माझं होतं. गावातल्या बाकी पोरी तेरडा आणायच्या. तो बांधावरही मिळतो. पण कळलावी कुठे फुलते ते मला ठाऊक होतं. वरच्या रानाच्या कडेला, करवंदीच्या जाळ्या संपून मोठी झाडं सुरू होतात तिथे, ओल्या सावलीत ती जाळ्यांवर चढलेली असे. तिच्या पानाचं टोकच वळून दोऱ्यासारखं होतं आणि मिळेल त्या फांदीला विळखा घालतं. फूल आधी हिरवट, मग पिवळं, मग टोकांकडून लाल होत जातं. पाकळ्या खाली पडायच्या ऐवजी वर वळलेल्या, जणू कुणी बोटं वर करून हात जोडायला निघालंय. पावसासाठी पानांचं इरलं डोक्यावर घेऊन, जळवा झाडत मी ती आणायची आणि आई गौरीच्या दोन्ही अंगांना ती लावायची. शेजारच्या बायजाकाकी बघायला आल्या की आई म्हणायची, “आमच्या शकीनं आणल्यात. एकटी जाती रानात.” वर्षातून एवढंच एक वाक्य ती माझ्याबद्दल दुसऱ्यांपाशी चांगलं बोलायची. ते ऐकायला मी दाराआड उभी असायची.

मग दादाचं लग्न झालं. मालनवैनी सांगलीची. तिचे वडील, त्यांना सगळे तात्या म्हणत, मूळचे आमच्याच खोऱ्यातले. पोटासाठी सांगलीला गेले आणि हळदीच्या पेठेत पोती तोलायच्या कामावर राहिले. वैनी लहान असतानाच तिची आई गेली होती. लग्नानंतर महिनाभरात दादाची रजा संपली, तो परत गेला, आणि वैनी आमच्यात राहिली.

आईनं तिच्यासाठी आवाज बदलला. मी हे माझ्या कानांनी ऐकलं. “मालन, बाय माझी, दमली असशील, बस जरा.” नाचणीची भाकरी वैनीच्या घशाखाली उतरत नसे तर तिच्यासाठी तांदळाची व्हायची. तूप आधी तिच्या पानावर. न्हाणं झालं की आई तिचे केस धुपावर धरायची. “बिनआईची पोर हाय गं,” ती मला सांगायची, जणू मी काही विचारलंच होतं. वैनीच्या हातून दुधाचं भांडं कलंडलं तर आई हसून म्हणाली, “जाऊ दे, मांजराचं नशीब.” त्याच आठवड्यात माझ्या हातून थोडं ताक सांडलं होतं आणि त्याबद्दल जे बोलणं झालं ते ओढ्यापलीकडे ऐकू गेलं होतं.

आणि वैनी वाईट असती तरी बरं झालं असतं. ती मला अदबीनं ‘वन्सं’ म्हणायची. माझं परकर-पोलकं शिवून द्यायची. सांगलीहून आलेल्या भडंगाची पुडी आधी माझ्यापुढे सोडायची. मला तिच्यावर रागवायला काही कारण सापडत नव्हतं, आणि त्यानं मी आणखीच जळायची.

पहिल्या गौरीला ती माझ्याबरोबर रानात आली. आईनंच पाठवली. कळलावी बघून ती भिजत उभीच राहिली. “वन्सं, हे आसं आपोआप येतं? कुणी न लावता?” मी म्हटलं, दरसाल इथंच येतं, वरचा वेल वाळतो पण कंद जमिनीत राहतो. तिनं पदराची चिंधी फाडून जवळच्या झाडाला बांधली. मला वाटलं नवस बोलली असेल. दिवाळीनंतर, वेल वाळून गेल्यावर, ती त्या चिंधीच्या खुणेवर गेली आणि खुरप्यानं कंद उकरून घेऊन आली. नांगराच्या फाळासारखे वाकडे, पिवळट कंद. आई घाबरली. “इख असतंय त्यात. हात धू आधी.” पण ‘टाकून दे’ म्हणाली नाही. मी आणले असते तर कंदांबरोबर मीही बाहेर गेले असते. वैनीनं ते परसातल्या कुंपणाशी पुरले.

पुढल्या पावसात ते कुंपण पेटल्यासारखं दिसायला लागलं. रानात इथे एक तिथे एक असणारी फुलं आमच्या परसात ओळीनं आली. गावातल्या बायका बघायला यायच्या. वैनीला तेव्हा दिवस गेले होते; ती पोटावर हात ठेवून उभी राहायची आणि फुलं दाखवायची. गौरीच्या आदल्या दिवशी आई मला म्हणाली, “बरं झालं बघ, आता तुला रानात जायाला नगं.” ती ते मायेनंच म्हणाली असणार. मला मात्र कुणी वर्गातून नाव काढून टाकावं तसं झालं. तरीही मी गेले. पावसात, एकटी, नेहमीच्या जागी. ओंजळभर फुलं घेऊन परत आले तर गौरी सजली होती. दोन्ही अंगांना वैनीची फुलं होती आणि घरात शेपूच्या भाजीचा वास भरला होता. आईनं माझी फुलं घेतली, इकडेतिकडे बघितलं आणि तांब्यात घालून कोनाड्यात ठेवली. बायजाकाकी आल्या. आई म्हणाली, “आमच्या मालननं लावल्यात.” मी दाराआड नव्हते, समोरच उभी होते.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायची रीत. पण माहेरी आई नाही, म्हणून माझी आई म्हणाली, मीच करीन. पावसाचा जोर ओसरत आला होता. एका पहाटे वैनीला कळा सुरू झाल्या. सुईण आली. दिवस वर आला, दुपार झाली, आणि सुईण बाहेर येऊन आईच्या कानाशी काही बोलली. आईचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तिनं परसात येऊन हाक मारली आणि ओढ्यापलीकडची माणसं हातातलं टाकून धावली. बाजल्याला दोर बांधून त्याची डोली केली. चौघांनी ती उचलली. वर पावसाची भुरभुर होती. आईनं घरातलं एकुलतं इरलं वैनीच्या तोंडावर धरलं आणि स्वतः भिजत, ठेचकाळत ती डोलीच्या बाजूनं उताराला लागली. “म्हशी बघ,” एवढंच ती मला म्हणाली, तेही मान न वळवता.

उताराच्या वळणाआड डोली दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभी होते. आज मी आजी आहे, बाळंतपणं पाहिली आहेत, काही स्वतःच्या हातांनी केली आहेत, आणि तो क्षण आठवला की मला अजून कळत नाही की एवढ्याशा पोरीच्या छातीत एवढं सगळं एकाच वेळी कसं मावलं. वैनी मरेल या धास्तीनं मी उंबरा सोडत नव्हते. आणि माझ्या मनात हेही होतं की आई माझ्यासाठी अशी भिजत गेली असती का.

मेढ्यातून कुणा ठेकेदाराची जीप मिळाली आणि वैनी साताऱ्याच्या दवाखान्यात पोचली. ती वाचली. मुलगा झाला होता, पण तो जिवंत नव्हता.

ती घरी आली तेव्हा बायका भेटायला आल्या. येणारी प्रत्येक जण ओसरीवर बसायची, डोळे पुसायची, आणि मग परसाच्या दाराकडे बघायची. कुंपणावर शेवटची फुलं अजून होती. बायजाकाकीच पहिल्यांदा बोलल्या. “कळलावी ती. नावातच कळा हायत. भरल्या पोटाच्या बाईनं दारात लावती का कुणी?” मग ते सगळ्यांच्याच तोंडी झालं. वैनी आत खाटेवर होती. भिंत कुडाची होती. तिला ऐकू जात नव्हतं असं होणारच नाही.

एके सकाळी आई उठली, पदर खोचला आणि कुंपणावरचे सगळे वेल ओढून काढले. फुलं, पानं, वाळत आलेल्या शेंगा, सगळं. तो ढीग तिनं ओढ्यात नेऊन टाकला. मी गोठ्यातून बघत होते आणि वैनी खिडकीतून. वैनीनं काही विचारलं नाही, आईनं काही सांगितलं नाही. त्या दिवसापासून वैनी जेवायला बसायची पण बोलायची नाही. माझं म्हणाल तर ते मोकळं कुंपण बघून मला हलकं वाटलं होतं. लगेच त्याची लाजही वाटली होती.

काही दिवसांनी तात्या आले आणि वैनीला सांगलीला घेऊन गेले. दिवाळीची सुट्टी लागत होती, म्हणून आईनं सोबतीला मला धाडलं. सांगलीत त्यांचं घर पेठेच्या मागच्या गल्लीत. तिथे सगळ्या गोष्टींवर हळदीची पिवळी धूळ होती. तात्यांच्या टोपीवर, उंबऱ्यावर, दोरीवरच्या कपड्यांवरसुद्धा. मला सकाळी शिंका यायच्या. रिक्षांचे भोंगे, हमालांच्या आरोळ्या, आणि दुपारी कुठूनतरी गुळाचा वास. वैनीची धाकटी बहीण नंदा माझ्याएवढीच होती. ती वैनीला अक्का म्हणायची आणि माझ्याशी बोलायचीच नाही. वैनी माझी वेणी घालायला बसली की नंदा भांडी आपटायची. एकदा वैनीनं भडंगाची परात आधी माझ्यापुढे सरकवली तर ती ताडकन म्हणाली, “अक्का आमची हाय. लगीन झालं म्हणून काय तुमचीच झाली व्हय?”

माझ्यावर कुणीतरी जळत होतं. आयुष्यात पहिल्यांदा. खरं सांगते, मला लय बरं वाटलं. मी मुद्दाम वैनीला आणखी खेटून बसले. मग रात्री अंथरुणावर नंदा भिंतीकडे तोंड करून पडली आणि तिची पाठ हलायला लागली, तेव्हा मला तिच्या पाठीत आमच्या घराच्या दारात उभी असलेली मी दिसले. मी वैनीच्या शेजारची जागा सोडली आणि कडेला जाऊन झोपले. सकाळी नंदानं मला तिचा आरसा वापरू दिला.

सुट्टी संपत आली. तात्या एका संध्याकाळी ओसरीवर बसून म्हणाले, “शकाताई, तुमच्या घरी निरोप द्या. मालनला आता मी तिकडं धाडणार न्हाई. पोरगी मरता मरता वाचली. दवाखाना तिथनं केवढा लांब. आन वर दोष तिलाच. मला कळलंय सगळं, बायका काय बोलत्यात ते. बाप जित्ता असल्यावर पोरीनं का ऐकून घ्यायचं?” वैनी आत चुलीपाशी होती. तिनं नाही म्हटलं नाही.

मला जे हवं होतं ते मला मिळालं होतं. आई पुन्हा माझी एकटीची. मी रात्रभर त्या आनंदाची वाट बघितली आणि तो काही आला नाही. डोळ्यांसमोर येत होतं ते रिकामं खाटलं, आणि त्याच्याकडे बघत बसलेली आई.

मला न्यायला गावातलं कुणीतरी येणार होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी दारात आई उभी राहिली. साताऱ्याच्या पलीकडे ती आयुष्यात गेली नव्हती. विचारत विचारत एसटी बदलून आली होती. डोईवर पदर, काखेत गाठोडं, पाय धुळीनं पिवळे. तात्या गडबडून उठले. “या, इनबाई. बसा.”

आई बसली नाही. “मालन कुठं हाय?”

“आवं, आत हाय. पर तिची तब्येत...”

आई सरळ आत गेली. मी आणि नंदा मागोमाग. वैनी चुलीपुढे बसली होती, केस विस्कटलेले, डोळे खाली. आईनं तिच्याकडे बघितलं, आणि मला वाटलं आता ‘बाय माझी’ येणार.

“हे काय केसांचं टोपलं करून बसलीस?” आई गरजली. “तेल न्हाई, फणी न्हाई! आन काय गं, बापासंगं निघालीस ती एकदाबी मागं वळून बघितलं न्हाईस. म्या दारात उभी, म्हैस बांधायची ऱ्हायली माझी, आन तू सरळ निघालीस!”

वैनीनं मान वर केली. “तुमी वेल का उपटलं, आत्याबाई?”

“मग काय करू? येणारी जाणारी परसात बघायची आन मग तुझ्याकडं बघायची. तुला दिसत न्हवतं, मला दिसत हुतं. बायांची त्वांडं मला उपटता येत न्हवती, म्हणून येल उपटलं!”

“मला वाटलं, तुमालाबी तसंच...”

“वाटलं? वाटलं तर इचारायचं! त्वांड काय भाकरी खायालाच दिलंय का?” आईचा आवाज आता गल्लीत जात होता, पलीकडचे हमाल थांबून बघायला लागले. “डाक्टर माझ्या म्होरं बोलला, पोर आडवं हुतं. येलीचा काय संबंध? त्या बायजीला म्या ओसरीवरनं उठवलं, इचार जाऊन. आन तू आपली मुक्यावानी बसलीस कितीक दिस, मला मेलीला रोज काळजी, जेवली का न्हाई, झोपली का न्हाई...” एवढं बोलून ती मटकन खाली बसली आणि पदरानं तोंड पुसायला लागली.

तात्या दारातून म्हणाले, “इनबाई, आजारी पोर हाय, एवढं बोलू नका.”

“तात्या,” वैनी म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. “बोलू द्या त्यान्ला.”

मग दोघी बराच वेळ रडल्या. तात्यांनी अट घातली: पुढचं बाळंतपण साताऱ्याच्या दवाखान्यात. आई म्हणाली, तुमी कशाला सांगताय, म्या आधी महिनाभर खोली घेऊन ऱ्हाईन तिला घेऊन. आणि ती राहिलीही. माझी भाची तिथेच झाली, ठणठणीत. आज तिला नातवंडं आहेत. कुंपणाशी पुरलेले कंद आईच्या ओढण्यानं निघाले नव्हते, ते खोल होते. पुढल्या पावसात वेल पुन्हा वर आले तेव्हा बायजाकाकींसकट कुणी काही बोललं नाही, कारण आई परसात उभी होती.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी आम्ही तिघी सांगलीहून एसटीत बसलो. वैनी खिडकीशी, आई मधे, मी कडेला. नंदानं मला भडंगाची पुडी दिली आणि अक्काला जप म्हणून दम दिला. पेठ मागे पडली, उसाची शेतं लागली. दिवसभराच्या दगदगीनं आईला डुलकी लागली, तशी वैनी तिच्या पुढून वाकून माझ्या कानाशी आली. तिचे डोळे सुजलेले होते, पण चेहरा, काय सांगू, पोरीला पहिल्यांदा लुगडं नेसवल्यावर असतो तसा.

“वन्सं,” ती कुजबुजली, “आत्याबाई आज मला रागावल्या.”

तोवर वैनीला मिळालेलं सगळं मी पाहिलं होतं. तूप पाहिलं, धुपावर धरलेले केस पाहिले, डोक्यावरचं इरलं पाहिलं. ते सगळं पाहुणीला द्यावं तसं दिलेलं होतं, हे मला त्या क्षणी कळलं. माझ्यापाशी एकच गोष्ट होती जी तिच्याकडे नव्हती, आणि ती आज आईनं, माझ्यादेखत, भर गल्लीत, मोठ्यानं तिला देऊन टाकली होती. अगदी त्याच आवाजात. त्याच शब्दांत. तेवढा हेवा मला त्याआधी कधी वाटला नव्हता आणि त्यानंतरही वाटलेला नाही.

मी पुडी सोडली, मूठभर भडंग वैनीच्या हातावर ठेवलं आणि म्हटलं, “रोजच रागावत्यात. सवय हुईल.”